पाच मिनिटांत खाली, हीच तर भीती

आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर परवा परत तोच मेसेज फिरला. 'बीपी 180 च्या वर गेला की सॉर्बिट्रेट जिभेखाली धरा, पाच मिनिटांत खाली. बीपीच्या गोळीने चक्कर येते, पाय सुजतात, म्हणजे किडनी चाललीय. आकडा नॉर्मल आला की गोळी बंद करा.' वॉर्डात जन्म गेलेल्या सिस्टरला हे वाचून गप्प बसवत नाही.

पाच मिनिटांत खाली येतो, खरं आहे. पण वर्षानुवर्षं चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूला आणि हृदयाला असा एकदम उतार सोसत नाही. पूर्वी निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायचे. त्यातून पक्षाघात, हार्ट अटॅक झाल्याच्या नोंदी साठल्या आणि 1996 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही पद्धत थांबवा असं लिहिलं. सॉर्बिट्रेट तर अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्याची गोळी. डॉक्टरांनी लिहून दिली असली तरी बसूनच घ्यायची. शिवाय घरच्यांना बाहेर पाठवून आम्ही पुरुषांना एक विचारतोच: व्हायग्रासारखं काही घेतलंय का? सिल्डेनाफिलनंतर (व्हायग्रातलं औषध) 24 तास, त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर 48 तास सॉर्बिट्रेट नको, नाहीतर दाब एकदम कोसळतो. फॉरवर्ड करणारा हे विचारतो होय?

आकडा 190, त्रास काही नाही? पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवा, हात छातीच्या पातळीला ठेवा, परत मोजा. बसस्टँडवरून तरातरा चालत आलेल्या तात्यांचा आकडा असा उतरलेला कितीदा पाहिलाय. नाहीच उतरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं, बोबडी वळणं यांपैकी काही दिसलं तर थेट 108.

पायांची सूज म्हणाल तर अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने बारीक धमन्या रुंदावतात, शिरा तेवढ्या नाहीत, म्हणून पाणी घोट्याशी झिरपतं. ही किडनीची खूण नव्हे. डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात. एकच पाय सुजला किंवा सोबत धाप लागली तर मात्र लगेच दाखवा.

आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळेच. अ‍ॅम्लोडिपिनचा असर गोळी सोडल्यावरही काही दिवस टिकतो, म्हणून 'बघा, काय झालं?' म्हणायला सोपं जातं.

चक्कर मात्र खरी. रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर पाय सोडून जरा बसा. झोपून आणि उभं राहून दाब मोजा. वरचा आकडा 20 ने उतरत असेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना द्या. कन्नडात लिहिलंत तरी चालतंय.