पाण्याबद्दल लोकांना शिकवायचंय? आधी नीट विचारा

पाण्याच्या जनजागृतीचं काम सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा हातात आली ती एक प्रश्नावली. पहिलाच प्रश्न होता, "पाणी वाचवणं महत्त्वाचं आहे असं तुम्हाला वाटतं का?" दारोदार फिरून मी तो विचारला. सगळे "हो" म्हणाले. एका आजींनी मात्र माझ्याकडे रोखून पाहिलं. "अगं, याला नाही म्हणणारं कुणी भेटलं का तुला?"

कुणीच भेटलं नव्हतं. आम्ही अहवालात लिहिलं की लोक जागरूक आहेत, आणि आधीच छापून ठेवलेली माहितीपत्रकं वाटून मोकळे झालो. ते आठवलं की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

माझं स्पष्ट मत आहे: ज्या पाहणीच्या उत्तरांनी आपला कार्यक्रम बदलणार नसेल, ती पाहणी करूच नये. लोकांचा वेळ घेतो आपण. बदल्यात निदान त्यांचं म्हणणं आपल्या कामात उतरलं पाहिजे.

लोकांना पाण्याची किंमत कळत नाही, हे गृहीतच चुकीचं आहे. कळतं त्यांना. अडचण वेगळीच असते आणि ती नेमक्या प्रश्नाशिवाय सापडत नाही. शहझीन अत्तारी या संशोधिकेने अमेरिकेत १,०२० जणांना विचारलं की घरातल्या कुठल्या कामाला किती पाणी लागतं. २०१४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांचा अंदाज सरासरीने प्रत्यक्ष वापराच्या निम्माच निघाला. पाणी वाचवण्याचा सर्वांत चांगला उपाय कोणता, यावर बहुतेकांनी अंघोळ लवकर उरका असंच काहीतरी सुचवलं. तिथल्या घरांत सर्वांत जास्त पाणी जातं टॉयलेटच्या फ्लशमध्ये, पण तो बदलण्याचं फार थोड्यांना सुचलं. आता या लोकांसमोर "पाणी जपून वापरा" असा फलक लावून काय होणार? ते जपतायतच, फक्त जिथे फारसं वाचत नाही तिथे. कार्यक्रम कुठून सुरू करायचा हे अशा एका पाहणीतून कळतं.

पण उत्तर जे सांगतं ते तसंच्या तसं खरं धरू नये. समोर पाण्याचं काम करणारी बाई वही घेऊन उभी असली की माणूस बरं दिसेल तेच बोलतो. म्हणून जमेल तिथे मीटरचा आकडा सोबत ठेवावा. आणि दार उघडणाराच घरात पाणी भरणारा असतो असं नाही! ही चूक मी स्वतः कितीतरी घरांत केली. पाणी भरणारी व्यक्ती आत होती आणि मी बाहेरच्या खोलीत दुसऱ्यालाच विचारत बसले.

बांगलादेशाचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तळ्या-नद्यांचं दूषित पाणी सोडा, कूपनलिकेचं प्या, असं तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्यांनी ते ऐकलंही. १९९३ साली त्याच भूजलात आर्सेनिक हे विष सापडलं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मग लाखो कूपनलिका तपासून धोक्याच्या लाल आणि सुरक्षित हिरव्या रंगवल्या. लाल नळ असूनही कित्येकांनी तेच पाणी भरणं चालू ठेवलं. हिरवा नळ लांब असेल तर रोज तिथवर जाणार कोण? इथे प्रश्न निव्वळ समजुतीचा राहत नाही, अंतराचा होतो. "तुम्हाला धोका माहीत आहे का?" एवढंच विचारणाऱ्या पाहणीला हे कधीच दिसणार नाही. "माहीत असूनही काय आड येतं?" असं विचारावं लागतं.

तसंच विश्वासाचं. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरात जुलै २००६ मध्ये सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळण्यावर सार्वमत झालं. जवळपास ६२ टक्के लोकांनी नकार दिला. नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून असं पाणी पितेय, म्हणजे तंत्र नवं नव्हतं. किळस आणि अविश्वास यांच्याशी आधी बोलायला हवं होतं.

नंतरच्या पाहणीत मी हट्टाने एक प्रश्न घालायला लावला: "कुणाचं ऐकून तुम्ही घरातल्या पाण्यात काही बदल केलात?" मला वाटलं होतं शाळा, बातम्या, निदान आमची पत्रकं तरी येतील. पुन्हा पुन्हा उत्तर आलं, प्लंबर. गळती त्याने दाखवली, टाकीचा तरंगता गोळा त्याने बदलला, वाया किती जातं हेही त्यानेच सांगितलं. आम्ही त्यांना एकदाही बोलावलं नव्हतं. पुढच्या बैठकीत पत्रकं बाजूला ठेवली आणि पहिली रांग प्लंबरांसाठी मोकळी केली.