मोरपिशी लेस

पुतणीच्या लग्नात घालायच्या ब्लाउजला लेस हवी होती, हिला, आणि आणायची होती मी. हातात बोटभर कात्रण दिलं आणि बजावलं, मोरपिशी हं, शेवाळी नाही, आणि लटकनं पण बघा जरा बरीशी. शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेत एकटा पुरुष घुसला की त्याच्याकडे सगळे हरवलेल्या मुलाकडे बघतात तसं बघतात. दुकानदार म्हणाला, "काका, गोटा देऊ का जरीची? मोत्याची पण आहे." मी म्हटलं मोरपिशी. तो म्हणाला, "त्यात सात आहेत." सात! आमच्या लहानपणी अख्ख्या इंद्रधनुष्यात सात होते.

शेवटी साडेतीन मीटर लेस आणि खाली इवलेसे हत्ती लोंबणारी लटकनं घेऊन घरी आलो, तर हिने ट्यूबलाइटखाली धरून निकाल दिला, "शेवाळी आहे."

भाची आली होती, फ्रेंच शिकते सध्या, ती लटकनं हातात घेऊन म्हणाली, "मामा, ही खरी फ्रिपरी." मला वाटलं फ्रीजचं काहीतरी. तर नाही, इंग्रजीत फ्रिपरी म्हणजे नुसता दिखाऊ, फालतू नट्टापट्टा. पण खरी गंमत पुढे आहे, जुन्या फ्रेंचमधे फ्रेप म्हणजे चिंधी, त्यावरून फ्रिपरी म्हणजे जुने कपडे आणि ते विकायचा धंदा, सोळाव्या शतकात इंग्रजांनी शब्द उचलला तोसुद्धा जुनेर याच अर्थाने, झगमगाट वगैरे त्याला नंतर चिकटला. फ्रान्समधे आजही दुकानावर तशी पाटी दिसली की आत वापरलेले कपडेच मिळतात.

"म्हणजे बोहारीण!" मी ओरडलोच.

आपला नट्टापट्टा बरा, सरळ नटण्यातून आलाय, नट आणि नाटकाचा भाऊबंद. फीत मात्र आपली नाही, ती पोर्तुगीजांची फिता. 1510 मधे गोवा घेतला, 1961 मधे गेले, आणि पाव, बटाटा, फीत मागे ठेवून गेले. त्यातला वडापाव पटकन मिळतो, मॅचिंग फीत मिळत नाही, असं मी म्हणणार होतो पण ही तोवर स्टुलावर चढून कपाटाचा वरचा कप्पा उपसत होती. मागच्या लग्नातल्या ब्लाउजला अगदी हीच मोरपिशी लेस होती म्हणे, ती उसवून लावू. बराच वेळ तो ब्लाउज काही सापडेना. मग ही एकदम थांबली आणि ओट्याकडे बघायला लागली. तिथे स्टीलच्या नव्या पातेल्यात दूध तापत होतं. दिवाळीआधी चार साड्या आणि "काही किरकोळ" देऊन बोहारणीकडून घेतलेलं पातेलं.

मी हळूच म्हटलं, "फ्रिपरी."

तेवढ्यात दूध उतू गेलं.

"हसताय काय? आधी गॅस पुसा. आणि मग जा परत, दुकानं बंद व्हायच्या आत. कात्रण घेतलंत का?"

कात्रण मी तुळशीबागेतच विसरलो होतो.