फक्त स्पिंडल बदलायचाय

धातू गोल फिरवून कातणारा लेथ हे जगातलं एकमेव यंत्र असावं, जे बहुतेक वेळ स्वतःचीच कामं करत असतं. हौसेने घरात मिनी लेथ बाळगणाऱ्या कोणालाही विचारा, यावर काय काय बनवलंस? तो उत्साहाने दाखवायला लागेल: लेथच्या कॅरेजचा लॉक, लेथच्या टेलस्टॉकची मूठ, लेथच्या टूलपोस्टचा बोल्ट. मधेच एक पितळी भोवरा असतो, तो पाहुण्यांसाठी.

माझ्या मुलीने एकदा विचारलं, "बाबा, हे मशीन कशासाठी आहे?"

"मशीनचे पार्ट बनवायला."

"कुठल्या मशीनचे?"

मी कानस शोधायला लागलो.

तर, स्पिंडल, म्हणजे लेथचा फिरता पोकळ दांडा. त्याच्या तोंडाशी फ्लँज नावाची चकती असते, तिच्यावर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, जबड्यांत धरणारा चक बसतो. मूळ स्पिंडलची फ्लँज 80 मिलिमीटरच्या चकपुरती. 100 चा चक लावायचा तर मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते, म्हणजे चक तेवढा पुढे लटकतो आणि जॉबला थरथरायला आणखी एक निमित्त मिळतं. म्हणून मोठ्या फ्लँजचा स्पिंडल मागवला. तोंडाचा निमुळता भाग, म्हणजे मोर्स टेपर, तोच, 3 नंबर. आरपार भोक तेच, 20 मिलिमीटर. जुना काढायचा, नवा घालायचा. हे मी इतक्या सहज आवाजात सांगितलं की घरच्यांचा विश्वास बसला.

त्यात आणखी एक विचार डोक्यात शिरला. स्पिंडल बाहेर येणारच आहे, तर बेअरिंगही बदलून टाकू! घरातली निम्मी तोडफोड या 'आलोच आहोत तर'मुळे होते. मूळचे 6206 नंबरचे साधे बॉल बेअरिंग, रुंदी 16 मिलिमीटर. त्यांच्या जागी टेपर रोलर, म्हणजे गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेले, नंबर 30206. आतला व्यास 30, बाहेरचा 62, दोन्ही तेच. रुंदी मात्र 17.25. या सव्वा मिलिमीटरने बाहेरचा 45 दात्यांचा गिअर सरकतो आणि पुढच्या गिअरशी तोंड चुकवतो. मग बेअरिंग आणि गिअर यांच्या मधला स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी कडी, तेवढाच कमी करायचा. कशावर? लेथवर. 7206 नंबरचे अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंग 16 मिलिमीटरचेच असतात, त्यांना हा सोपस्कार लागत नाही. पण सोपं पडणारं निवडलं तर हौस कसली?

म्हणून जाणकार सांगतात, लेथ खोलायच्या आधी लेथवरची सगळी कामं उरकून घ्या. मी उरकली. स्पेसर तयार, ठोकायचा पाइप तयार. मग चक उतरवला, बदली गिअर काढले, पट्टा काढला, समोरचा वायरींचा डबा तारांसकट बाजूला लटकवला. वेग बदलायच्या हाय-लो लिव्हरमागे एक स्प्रिंग आणि एक छोटी गोळी असते. ती उडते हे ठाऊक होतं, म्हणून फडकं धरून बसलो होतो. ती फडक्याच्या वरून गेली. टेबलाखाली बराच वेळ पालथा पडल्यावर एक गोळी सापडली. ती माझ्या लेथची नव्हती. आजवर मी दुसरं असलं कुठलंच यंत्र खोललेलं नाही, त्यामुळे ती कोणाची हा प्रश्न अजून उघडा आहे.

जुना स्पिंडल ठोकून काढायचा नसतो. घाव बेअरिंगमधून जातो आणि रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यांवर, खळगे पडतात. स्पिंडलच्या भोकातून आटे पाडलेला लांब दांडा घालायचा, दोन्ही टोकांना वॉशर-नट लावून हळूहळू ओढून घ्यायचा. त्यासाठी नेमक्या मापाचा एक बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, लागतं. हे मला लेथ पूर्ण उघडा झाल्यावर, हातात दांडा घेतल्यावर कळलं.

मित्राला फोन केला. त्याच्याकडेही असाच लेथ आहे.

"एक बुश करून दे रे."

"अरे, माझा लेथ उघडाय. मीच तुला फोन करणार होतो."

"कशाला?"

"एक बुश हवा होता."

हेन्री मॉडस्लीने 1800 च्या सुमारास आटे पाडणारा लेथ घडवला, त्याचे भाग त्याने आधी कशावर कातले असतील, याचा विचार त्या संध्याकाळी मी प्रथमच मनापासून केला. शेवटी पाइपचा तुकडा आणि वॉशरची चळत यांवर भागवलं. स्पिंडल टणकन आवाज करून सुटला.

नव्यावर बेअरिंग चढवायला गरम-गार करायचं. सनईसारखा तो स्पिंडल फ्रीजरमध्ये, बेअरिंगची आतली निमुळती कडी, म्हणजे 'कोन', 90 अंश सेल्सिअसपर्यंत गरम. एवढ्याने 30 मिलिमीटरचं भोक जेमतेम 25 मायक्रॉन उघडतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. पण तेवढ्यात काम होतं. कोन सरकत गेली आणि फ्लँजला टेकून गप्प बसली. सगळ्या प्रकरणात विनातक्रार झालेलं हे एकच काम. बायकोने फ्रीजर उघडून विचारलं, "आत काय होतं?" मी म्हटलं, "आता काही नाही."

खरी परीक्षा पुढे. स्पिंडल हेडस्टॉकमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या डब्यात, आडवा शिरतो आणि आत वाटेत त्याला प्लॅस्टिकचा हाय-लो गिअर भेटतो. तो गिअर कोणीतरी हवेत धरायचा, त्याचा खाचा आणि स्पिंडलवरची चावी (गिअरला स्पिंडलशी जखडणारी धातूची पट्टी) समोरासमोर आणायची, चावी पडू नये म्हणून तिला ग्रीसने चिकटवायचं, आणि हे सगळं दोन बोटं जेमतेम जातील अशा खिडकीतून. चावी ग्रीसमध्ये हळूच तिरकी होते. दिसत नाही, बोटाला कळतं. परत बाहेर. ग्रीस कोपरापर्यंत येतं, नाकाला तेव्हाच खाज सुटते. आत गेल्यावर मागचे नट आवळायचे: ढिलाई राहिली तर जॉबवर लाटा, जास्त आवळलं तर बेअरिंग तापतं. म्हणून मशीन चालू करून हेडस्टॉकवर तळहात ठेवून बसायचं. आमच्या घरात कोणाला ताप आला तरी मी इतका वेळ बसलेलो नाही, हे मला नंतर ऐकवण्यात आलं.

मला आलेल्या फ्लँजवरचा चक बसायचा उंचवटा 72 मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा होता. यात वावगं काही नाही, उलट तेच बरं. स्पिंडल आपल्याच बेअरिंगवर फिरवायचा आणि शेवटचा बारीक कट आपणच घ्यायचा, म्हणजे तो त्या लेथपुरता अगदी खरा होतो. स्वतःला कातणारा लेथ पाहायला मुलगी मुद्दाम आली. काही बोलली नाही, फक्त मान हलवली.

डगमग मोजणारा डायल गेज लावला. फ्लँजवर सुई एक घरही हलेना, म्हणजे 10 मायक्रॉनच्या आत. चक चढवला, त्यात ग्राइंड केलेली दांडी धरली. सुई 70 मायक्रॉन फिरली. तीन जबड्यांचा चक. तिन्ही जबडे एकदम सरकवणाऱ्या त्याच्या आतल्या स्क्रोलचा स्वभावच तो. मी दांडी फिरवून धरली, जबडे पुसले, चक उतरवून पुन्हा लावला. 70 चे 60 झाले आणि तिथेच अडले.

तेवढ्यात मित्राचा फोन. "झाला ना तुझा चालू? मग माझा बुश कर."

बुशला काही अडत नाही. एकाच पकडीत भोक आणि बाहेरचा व्यास दोन्ही कातून मगच तुकडा पाडला, तर चक कितीही आउट असला तरी दोन्ही एकमेकांशी खरे राहतात. तासाभरात करून दिला. आठवड्याने त्याचाही लेथ जुळला.

"आता तुझा बुश करून ठेवू?" त्याने विचारलं.

"आता कशाला? माझा स्पिंडल बसला की."

"बेअरिंग गरम होतंय म्हणत होतास ना काल?"

मी मापं लिहून पाठवली.