सर, त्या उजव्या हाताबद्दल

सर, नमस्कार.

बोटं मोडण्याच्या सवयीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यातून गेली नाही. नुसते आभार मानून मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देते. एका माणसाने स्वतःच्या हातावर केलेल्या उद्योगाला शास्त्र म्हणू नये. 'बोटं खुशाल मोडा, काही होत नाही' हे माझं वाक्य बेजबाबदार आहे. आणि आरोग्याच्या विषयात हशा पिकवला की मुलांच्या लक्षात विनोद राहतो, विषय निसटतो. हे शेवटचं तुम्ही तीस वर्षं वर्गात उभं राहून पाहिलं आहे, असंही तुम्ही लिहिलंत.

पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. तिसऱ्याबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

लेखात मी डोनाल्ड अंगर यांची गोष्ट सांगितली होती. बोटं मोडलीस तर संधिवात होईल, असं या अमेरिकन डॉक्टरांना आई, नात्यातल्या बायका आणि पुढे सासूबाईही बजावत होत्या. त्यांनी काय केलं, तर फक्त डाव्या हाताची बोटं मोडायची, दिवसातून निदान दोनदा, आणि उजव्या हाताला हात लावायचा नाही. ५० वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून हिशेब दिला: डाव्या हाताची बोटं किमान ३६,५०० वेळा मोडली, संधिवात दोन्ही हातांत नाही, दोन्ही हातांत फरकही दिसत नाही. या कामासाठी २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो पुरस्कार.

आता तुमचा आक्षेप. 'बोटं मोडणाऱ्या प्रत्येकाला संधिवात होतोच' असा दावा असता, तर अंगर यांचा एक डावा हात तो खोडून काढायला पुरेसा होता. पण घरातली मोठी माणसं तसं म्हणत नसतात. त्यांचं म्हणणं असतं की पुढे त्रास होण्याची भीती आहे, आणि 'भीती आहे' हे विधान एका माणसावरून खरंही ठरत नाही, खोटंही ठरत नाही. तुम्ही दिलेलं सिगारेटचं उदाहरण अगदी नेमकं आहे. नव्वदीपर्यंत सिगारेट ओढून ठणठणीत राहिलेले कुणाचे तरी आजोबा प्रत्येक गप्पांत भेटतात. सिगारेटबद्दल खरं काय ते कळायला रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांना १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांची पाहणी सुरू करावी लागली, आणि ती ५० वर्षं चालली. सिगारेट न सोडणाऱ्यांचं आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षांनी कमी भरलं. ते नव्वदीचे आजोबा त्या सरासरीतच कुठेतरी असतात. त्यांच्याकडे बघून सरासरी दिसत नाही, एवढंच.

बोटांबद्दल इतकं मोठं काम झालेलं नाही, पण अगदीच काही नाही असंही नाही. २०११ मध्ये अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या २१५ जणांच्या उजव्या हाताचे एक्स-रे तपासले. सांध्यांची झीज, म्हणजे संधिवाताचाच एक प्रकार, बोटं मोडणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांमध्ये होती आणि न मोडणाऱ्यांपैकी साधारण २१ टक्क्यांमध्ये. म्हणजे सवयीमुळे झीज वाढल्याचं दिसलं नाही. हे मी लेखात दिलं होतं.

१९९० चा अभ्यास मात्र दिला नव्हता. त्यात पंचेचाळिशीच्या पुढचे ३०० लोक होते, त्यातल्या ७४ जणांना बोटं मोडायची सवय होती. संधिवात त्यांच्यातही जास्त आढळला नाही, पण हातावर सूज जास्त होती आणि हाताची पकड कमी होती. सवयीमुळे सूज आली, की आधीच आखडलेल्या हातांना मोकळं वाटावं म्हणून लोक बोटं मोडायला लागले, हे एका वेळच्या तपासणीतून सांगता येत नाही. तरी वाचकाला ते कळायला हवं होतं. सर, हा अभ्यास माझ्या टिपणांत होता. अंगर यांच्या गोष्टीनंतर तो आला असता तर लेखाचा रंग उतरला असता, म्हणून मी तो गाळला. ही माझी चूक आहे आणि ती साधी नाही. विनोदाने विषय झाकला जातो हे तुम्ही मुलांबद्दल लिहिलंत. इथे तो आधी माझ्याच हातून झाकला गेला.

असं असूनही विनोद काढून टाका हे मला पटत नाही. का, ते सांगते.

तो लेख लिहीत होते तेव्हा माझी नऊ वर्षांची भाची शेजारी बसली होती. मी तिला अंगर यांची गोष्ट सांगितली. आई, सासूबाई, ३६,५०० हा आकडा, सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग एकदम खो खो हसत सुटली. "मावशी, म्हणजे उजवा हात बिचारा पन्नास वर्षं नुसता बघत बसला?"

ती नेमकी कशाला हसली ते बघा. पुरस्काराला नाही, सासूबाईंनाही नाही. काहीच न करणाऱ्या हाताला हसली. तो काहीच न करणारा हातच तर त्या प्रयोगाचा कणा आहे. नुसता डावा हात पन्नास वर्षांनी ठीक निघाला असता, तर 'कशाच्या मानाने ठीक?' हा प्रश्न उरलाच असता. पाठ्यपुस्तकात याला नियंत्रण गट म्हणतात, आणि त्याची व्याख्या पाठ असूनही तो का लागतो हे न कळलेले पुष्कळ मोठे लोक मला भेटले आहेत.

मग तिने स्वतःचं मधलं बोट ओढलं. कट्. लगेच पुन्हा ओढलं, आवाज नाही. "आवाज संपला." कुठे गेला असेल, असं मी विचारलं. जरा विचार करून म्हणाली, आत काहीतरी भरत असेल, भरायला वेळ लागत असेल. तिचा अंदाज फार लांबचा नव्हता. सांधा ओढला की आतल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब कमी होतो, त्यात विरघळलेला वायू बुडबुडा होऊन बाहेर पडतो, आणि तो पुन्हा द्रवात विरघळायला साधारण २० मिनिटं लागतात. तोवर तेच बोट पुन्हा वाजत नाही. (आवाज बुडबुडा तयार होताना येतो की तो आकसून बसताना, यावर वाद आहे. १९७१ च्या प्रयोगात तो बसताना येतो असं म्हटलं गेलं, २०१५ च्या एमआरआय चित्रीकरणात तयार होताना, आणि २०१८ च्या गणिताने पुन्हा बसण्याच्या बाजूने कौल दिला. मला हा वाद फार आवडतो.)

यातलं काहीच मी तिला लगेच सांगितलं नाही. ती वही घेऊन घड्याळासमोर बसली. दर पाच मिनिटांनी मधलं बोट ओढायचं आणि वहीत फुली मारायची. तिसऱ्या फुलीला थांबली. सारखं ओढल्यामुळेच ते भरत नसेल तर? तिने दुसऱ्या हाताचं मधलं बोट एकदा वाजवलं, वेळ लिहिली आणि हात मांडीखाली दाबून ठेवला. "हा बघणारा हात." हा शब्द तिचा. अर्ध्या तासाने दोन्ही बोटं वाजली. तिला वाटलं होतं तसं झालं नाही. वहीत तिने 'दोन्ही वाजली' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या, थोड्या रागानेच.

पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट तिला तिच्या बाबांना सांगायला लावली. डॉक्टरांचं नाव ती विसरली होती. पुरस्कार विसरली होती. 'बघणारा हात' विसरली नव्हती. एका मुलीवरून मी नियम काढत नाही, तसं केलं तर तुमच्या पहिल्याच आक्षेपात पुन्हा सापडेन. पण तुमच्या तीस वर्षांच्या अनुभवाशी हे जुळतं असं मला वाटतं. विषयाच्या शेजारी ठेवलेली गंमत लक्ष पळवते, आणि मूळ धड्याशी संबंध नसलेल्या रंजक तपशिलांमुळे धडा कमी लक्षात राहतो, हे शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून दाखवलं आहे. पुरस्कार ही माझ्या लेखातली तशी गंमत होती. उजव्या हाताचं तसं नाही. त्यावर हसू येतं ते तो कशासाठी आहे हे कळल्यावरच. वर्गात तुम्ही पाहिलेला हशा यांतल्या कोणत्या जातीचा होता, हे मला तुमच्याकडून खरंच समजून घ्यायचं आहे.

बाबांना सांगायला लावण्यामागेही कारण होतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. तुमचे जुने विद्यार्थी वाचत असतील तर तुम्ही धडा झाल्यावर पुस्तक मिटायला का लावत होता, ते त्यांना आता कळेल. तसं तुम्ही करत होता हे तुमच्याच आधीच्या एका प्रतिक्रियेत मी वाचलं आहे.

लेखात आज दोन बदल केले आहेत. १९९० चा अभ्यास आता अंगर यांच्या गोष्टीच्या आधी येतो. आणि 'खुशाल मोडा' हे वाक्य काढून तिथे असं लिहिलं आहे: 'बोटं मोडल्याने संधिवात होतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. सूज आणि पकड यांबद्दल शंकेला जागा आहे. बोट मोडताना दुखत असेल, सांधा सुजला असेल किंवा अडकत असेल, तर ती सवयीची गोष्ट नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणाचंही बोट जोर लावून ओढू नका, लिगामेंटला, म्हणजे सांधा बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, इजा होऊ शकते.'

'शंकेला जागा आहे' हे शब्द तीनदा बदलले, अजूनही मनासारखे झालेले नाहीत. तुम्ही एकदा नजर टाकाल का?