कॉम्प्युटर कॅबिनेटच्या छतावरचा पुढचा फॅन काढायला मी का सांगतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: गरम हवा वर जाते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असताना मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या छतावरचा पुढचा फॅन काढायला सांगतो, 'पॉझिटिव्ह प्रेशर' (आतला दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवणं) हे थोतांड आहे, आणि सात फॅन बसवूनही तुमचा रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर रेंडरिंग करताना ९५ अंशांवरून खाली येत नाही, तेव्हा मांडणीवरची ही सगळी चर्चा फुकट आहे.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण घोडं तिथेच अडलंय. हा प्रोसेसर २०२२ साली आला तेव्हाच तो बनवणाऱ्या एएमडीने सांगितलं होतं की त्यातले सगळे कोर (आकडेमोड करणारे भाग) जुंपले की तो ९५ अंशांपर्यंत जाणार आणि तिथेच राहणार. त्याची रचनाच तशी आहे. तापमानाला वाव मिळाला की तो वेग वाढवतो, आणि वीज किंवा तापमानाची मर्यादा आडवी येईपर्यंत वाढवतच राहतो. म्हणजे तुमच्या फॅनांनी फरक पाडला असला, तरी तो ९५ या आकड्यात दिसणारच नाही. तो दिसेल कोरच्या मेगाहर्ट्झमध्ये आणि प्रोसेसर खात असलेल्या वॉटमध्ये. आकडा खालीच आणायचा असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालण्याची सोय, लावा किंवा तापमानाची मर्यादा कमी करा. त्यासाठी आठवा फॅन लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता गरम हवा. ती वर जाते, यात वाद नाही. पण किती जोराने? साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचं कॅबिनेट घ्या आणि आतली हवा खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम धरा. या फरकातून निर्माण होणारा दाब भरतो जेमतेम पाव पास्कल. साधा १२० मिलिमीटरचा फॅन पूर्ण वेगात जास्तीत जास्त १० ते २० पास्कल दाब देतो. वेग निम्मा केला तर दाब चौथाईवर येतो, तरीही तो गरम हवेच्या जोरापेक्षा दहापट उरतोच. फॅन चालू असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा कुठे जायची ते फॅन ठरवतात.

म्हणूनच त्या छतावरच्या पुढच्या फॅनवर माझा राग आहे. समोरच्या वरच्या फॅनने थंड हवा आत घेतली, ती प्रोसेसरच्या टॉवर कूलरकडे (प्रोसेसरवरच्या उभ्या, फॅनवाल्या कूलरकडे) निघाली, आणि वाटेतच या महाशयांनी तिला उचलून बाहेर फेकलं. ज्या हवेने अजून कुठलीच उष्णता उचललेली नाही, ती बाहेर घालवून काय मिळवलं? छतावरचा मागचा फॅन मात्र राहू द्या. तो कूलरमधून निघालेली गरम हवाच ओढतो. आणि हो, छताला लिक्विड कूलरचा रेडिएटर लावला असेल तर हे सगळं विसरा. तिथले फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्यासाठी आहेत, एकही काढू नका.

दाबाबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. आतला दाब किंचित जास्त असला म्हणून तापमान धाडकन उतरतं, असं मी कधीच लिहिलेलं नाही. प्रश्न धुळीचा आहे. बाहेर फेकली जाणारी हवा जास्त झाली की उरलेली हवा कॅबिनेट मिळेल त्या फटीतून ओढतं, आणि फटींना फिल्टर नसतो. यात फॅन मोजून काही कळत नाही. समोरच्या फॅनांपुढे काच आणि बारीक जाळी असेल तर तिथले तीन फॅन मागच्या मोकळ्या दोन फॅनांइतकी हवाही आणतीलच असं नाही. टिश्यू पेपरची बारीक पट्टी मागच्या बाजूला कार्डं बसवायच्या स्लॉटच्या फटीजवळ धरा. ती आत ओढली गेली, तर तुमचं कॅबिनेट फटींतून श्वास घेतंय.

सात फॅनांचा हिशोब बघू. आत ५०० वॉट उष्णता तयार होत असेल आणि मिनिटाला ५० घनफूट हवा खरोखर आरपार जात असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे १८ अंशांनी गरम असते. हवा १०० घनफूट केली तर ९ अंश, २०० केली तर साडेचार. पहिल्या दुपटीने ९ अंश वाचले, दुसरीने साडेचारच. फॅनच्या खोक्यावर छापलेला हवेचा प्रवाह तर समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो, त्यामुळे तो यात धरू नका. जास्त फॅनांचा खरा फायदा मला आवाजात दिसतो: तेवढीच हवा ते हळू फिरून देतात, आणि वेग निम्मा झाला की एका फॅनचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो.

आता एवढं करून पाहा. ग्राफिक्स कार्डवर भार टाका, त्याच्या तापमानाचा आकडा स्थिर होऊ द्या, खोलीचं तापमान लिहा. मग फक्त समोरचं पॅनेल काढा आणि पुन्हा बघा. आकडा ठळकपणे उतरला तर पॅनेल हवा अडवतंय. फॅन कितीही लावा, गळा तिथेच आवळलेला आहे. फरक नसेल तर पॅनेल परत लावून बाजूचं झाकण काढा. त्यानेही काही झालं नाही, तर कॅबिनेटची हवा निर्दोष आहे. कार्डाचा हीटसिंक (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्या) धुळीने भरलाय का, त्याखालची थर्मल पेस्ट वाळलीय का, ते तपासा. छतावरचा पुढचा फॅन त्यानंतर काढा आणि त्या भोकावर पुठ्ठा चिकटवा, नाहीतर हवा तिथून आपसूक निसटेल. प्रत्येक वेळी एकच बदल करा, आणि आकड्यातून खोलीचं तापमान वजा करा.

ते आकडे इथेच खाली टाका. प्रोसेसरचे मेगाहर्ट्झही द्या, ९५ मला आधीच माहीत आहे.