हाऊस बॅटरी म्हणजे घरची बॅटरी

आमच्याकडे उन्हाळ्यात ट्रकवर येतं ते पाणी. त्यामुळे निळी ताडपत्री पांघरून कोकणातली एक जुनी बोट ट्रकवर बसून पैठणकडे निघाली, तेव्हा वाटेतल्या एका गावात बाया हंडे घेऊन रस्त्यावर आल्या. ताडपत्री वर करून बघितली आणि एक म्हातारी म्हणाली, “पाणी नाही ते नाही, वरून होडी पाठवायलेत.”

बोट माझ्या मेव्हण्याची. नाथसागरात रात्रभर जाळी टाकून बसणाऱ्यांची मासळी पहाटे गोळा करायची आणि बर्फात घालून काठाला आणायची, हा त्याचा नवा धंदा. डिझेल इंजिन ठीक होतं, सेल्फ ठीक होता, बॅटऱ्या मात्र विकणाऱ्याने काढून घेतल्या होत्या.

“दाजी, तुम्ही सायन्सचे मास्तर. करंटचं तुमच्याकडं.”

चोवीस वर्षं मी पोरांना लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खुपसून करंट दाखवतोय. एवढ्या भांडवलावर मी हो म्हणालो.

ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या आणल्या आणि प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून टाकलं. एका जुवाला दोन बैल. इंजिनही त्यांच्यावर, दिवेही त्यांच्यावर. पहिल्या रात्री मुहूर्ताला मीही गेलो. मेव्हण्याने चार एलईडी पट्ट्या लावल्या, गाडीतला पंखा लावला, पाच जणांचे मोबाईल चार्जिंगला टाकले आणि स्पीकरवर भजनं. भजनं बारापर्यंत होती, नंतर काय होतं ते घरी सांगायचं नाही असं ठरलंय.

पहाटे पाचला त्याने किल्ली फिरवली.

टक.

ज्याने हा आवाज ऐकलाय त्याला समजावून सांगायची गरज नाही. इंजिन फिरत नाही, कुरकुरतही नाही; आत कुठेतरी कुणीतरी एकदाच जीभ टाळ्याला लावून ‘च्’ करतं. पुन्हा किल्ली. टक. तिसऱ्यांदा टकटकटकटक, आणि मग पट्ट्याही मंदावून उदबत्तीएवढ्या झाल्या. दूर धरणाच्या भिंतीवरचे दिवे दिसत होते. जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, पायथ्याला १२ मेगावॉटचं वीजघर. आणि आमच्याकडे १२ व्होल्ट नव्हते.

आम्हाला ओढून काठाला आणलं ते थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेल्या एका पोराने. त्याला ना सेल्फ, ना बॅटरी. दोरी बांधताना तो एवढंच म्हणाला, “सर, मी तुमच्याच शाळेत होतो.” नाथमहाराजांनी रामेश्वराला निघालेली कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ते पुण्य झालं. आम्ही इंजिनासाठीचा करंट स्पीकरला पाजला, त्याला काय म्हणावं?

दुपारी बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने काटा लावून बघितला आणि मान हलवली. “सर, तुम्ही बियाणं दळून खाल्लं.”

मग बसवून समजावलं. “पेरायची ज्वारी वेगळ्या कणगीत असते का नाही? पोरं उपाशी झोपली तरी तिला हात लावायचा नाही. सेल्फची बॅटरी ती. तिच्यात पातळ प्लेटा, पण भरपूर. दोन-तीन सेकंद दणकून करंट देती आणि गप. तिच्याकडून रातभर पंखा फिरवून घेतला, वर उतरलेली तशीच ठेवली, की प्लेटा गेल्या. दिव्या-पंख्याला दुसरी घ्या, जाड प्लेटांची. ती रातभर जात्यावर बसल्यावाणी दळती. पण तिलाही अर्ध्याच्या खाली उतरू द्यू नका. भरली म्हणजे १२.७, मीटर १२.२ वर आलं की दिवे बंद करून झोपा.”

“तिला काय म्हणतात?” मेव्हण्याने विचारलं.

“हाऊस बॅटरी.”

हा शब्द तिथे उच्चारला गेला नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर जिन्याखाली, इन्व्हर्टरशेजारी, फरशीवर एक स्वच्छ चौकोन. भोवती तीन वर्षांची धूळ, मधे लखलखीत फरशी आणि कोपऱ्यात अॅसिडचा एक पांढरट ओघळ. आमची दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी गेली होती.

“अहो, तो म्हणाला दाजींनीच सांगितलंय, हाऊस बॅटरी न्यायचीय,” बायको म्हणाली. “हाऊस म्हणजे घर. घरची तर हीच.”

भाषांतरात चूक काढायला जागाच नव्हती. जागा फक्त जिन्याखाली झाली होती.

पन्नास-साठ किलोचा तो धोंडा चौघांनी बोटीत चढवला. मग जोडणी. मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची, हे मी पोरांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे. स्वतः मात्र मायनस जोडलेली ठेवून प्लसचं नट आवळायला गेलो. पान्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकलं. फट्! डोळ्यांसमोर निळं-पांढरं, नाकात जळल्याचा वास, आणि पान्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखा खड्डा. पाना अजून शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, पोरांना दाखवतो. कुणाचा ते सांगत नाही. त्या दिवसापासून दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसवर, अगदी जवळ, फ्यूज आहे आणि टर्मिनलवर रबरी टोपी.

मधे लाल मुठीचा स्विच बसवला: १ म्हणजे सेल्फची बॅटरी, २ म्हणजे घरची, दोन्ही, बंद. मेव्हण्याला बजावलं, “इंजिन चालू असताना बंदवर न्यायचं नाही, डायनामोचे डायोड उडतात. आणि नांगर टाकला की २ वर.” आठवडाभराने बघतो तर मूठ कायमची ‘दोन्ही’वर.

“दाजी, दोन्ही म्हणजे जास्त ना?”

पुन्हा एका जुवाला दोन बैल. तेव्हा ठरवलं की हे काम माणसावर सोडायचं नाही. दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे रिले टाकली आणि दिवे-पंख्याची वायर कायमची ट्यूब्युलरवर नेली. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडते आणि डायनामो दोघींना चारतो. इंजिन थांबून १२.८ झालं की आपोआप तोडते. कणगीला कुलूप, किल्ली कुणाकडेच नाही. जोडताना ती टक वाजते, आणि अजूनही दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

मे महिन्यात एका रात्री साडेदहाला गावची लाईट गेली. बोट काठाला बांधलेली, मी आणि मेव्हणा पंख्याखाली आडवे. फोन आला.

“पंखा चालू आहे?”

खोटं बोलायला हवं होतं. पण मागे पंखा घरघरत होता.

वीस मिनिटांत बायको, दोन पोरं, सासूबाई, सतरंजी आणि पाण्याची घागर असं सगळं हाऊस बोटीवर दाखल झालं. पोरं लगेच झोपली. सासूबाईंनी दिवे बघितले, पंखा बघितला, पाय पसरले आणि विचारलं, “ह्याच्यावर मिक्सर चालतो का?”

“नाही हो,” मी घाईघाईने म्हणालो. “ही १२ व्होल्ट. मिक्सरला २३० लागतात, त्याला इन्व्हर्टर पाहिजे.”

मेव्हणा अंधारात उठून बसला.

“घरी पडूनच आहे की, दाजी.”