घोडा फक्त सरदारांचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, माझ्या घोड्यांवरच्या लेखावर ‘शेतकऱ्याचा मुलगा’ या नावानं तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. शनिवारवाड्यापुढच्या बाजीरावांच्या पुतळ्यापासून सुरुवात करून मी स्वाऱ्या, शर्यती आणि वरातीतच रमलो, अशी तुमची तक्रार आहे. ‘घोडा सरदारांचा, रयतेचा बैल. पोट भरलं बैलानं आणि कौतुक घोड्याचं?’ हे वाक्य मनाला लागलं.

शेतीपुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. युरोपात घोडा नांगराला जुंपला गेला. आपल्याकडे नांगर, पाभर, मोट सगळं बैलाच्या खांद्यावर. हे लेखात यायला हवं होतं.

पण ‘घोडा सरदारांचा’ हे मला पटत नाही. शिवाजी महाराजांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला मात्र तो सरकारी पागेतून मिळायचा. घोडा बाळगायची ऐपत नसलेल्या घरातला पोरगाही त्यामुळे स्वार होऊ शकला. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा, हे काही सरदार नव्हेत.

आणि घोड्याचा भार रयतेवर पडायचा हा तुमचा मुद्दा तर महाराजांनीच ओळखला होता. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे घोडदळातल्या अधिकाऱ्यांना, त्यांनी लिहिलेलं पत्र वाचा. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, असं त्यांनी बजावलंय. रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथवर बारकाईनं लिहिलंय. मला हे पत्र कुठल्याही लढाईच्या वर्णनाहून मोठं वाटतं.

आजचं बघायचं तर दिवाळीनंतर पुण्याबाहेरच्या रस्त्यांवर थांबा. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा फिरता तांडा, निघालेला दिसेल. पुढे मेंढरं, मागे घोडी. तिच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड: भांडी, वाकळा, पाय बांधलेल्या कोंबड्या, त्यावर एखादं लहान पोर, आणि बाजूला दुडक्या चालीनं शिंगरू. ही बुटकी, काटक जनावरं बहुतेक भीमथडीची, आपल्याच भीमेच्या खोऱ्यातली. त्या घोडीशिवाय त्यांचा संसार एक मुक्कामही पुढे सरकत नाही. सरदार कुठे आहे यात?

वरातीबद्दल मात्र तुम्ही माझे डोळे उघडलेत. परवा आमच्या गल्लीतून वरात गेली. डीजेच्या भिंतीपासून दहा पावलांवर सजवलेली पांढरी घोडी, कान मागे पाडलेले, पोट घामानं निथळत होतं. दर ठोक्याला तिची कातडी थरथरत होती. लेखात मी याच सजावटीचं कौतुक केलं होतं. तो परिच्छेद आज सकाळी काढून टाकलाय.